असामी कुणाची, स्वारी कुणाची

हिंगोली एकेकाळी छावणीचे गाव होते. हैदराबाद कॉन्टिन्जंट नावाच्या फौजेचे तळ बोलारम, औरंगाबाद, जालना, एलिचपूर, मोमिनाबाद (आजचे अंबाजोगाई) अशा ठिकाणी पसरलेले होते आणि कयाधूकाठचा हिंगोलीचा तळ त्यांपैकीच एक. नाव निजामाचे, हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा आणि पगार हैदराबादच्या खजिन्यातून, असा तिचा कारभार. १९०३ मध्ये ही फौज ब्रिटिश हिंदुस्थानच्या सैन्यात मिसळून गेली आणि हिंगोलीची छावणी उठली. या फौजेचा राजकीय इतिहास पुस्तकांत सापडतो. तिच्या घोडदळाचा हिशेब मात्र फारसा कुणी उलगडत नाही, आणि आजच्या वाचकाला उपयोगी पडेल असे खरे तर त्या हिशेबातच आहे. घोड्यावर कोण बसणार हे त्या घोडदळात आधी पैशाने ठरे, मग कौशल्याने. मोटारींच्या शर्यतीत गाडी कोण चालवणार आणि शंकरपट नावाच्या बैलांच्या शर्यतीत जोडी कोण हाकणार हेही बहुतांशी तसेच ठरते. शर्यतीत पैसा शिरला म्हणून ती बिघडली, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती तक्रार वरवरची आहे. घोडा, बैल आणि इंजिन यांचा खर्च कुणालातरी करावाच लागतो. चालवणाऱ्याचे नशीब ठरते ते हा खर्च कोण करतो आणि त्या बदल्यात काय मागतो यावर. हिंगोलीच्या रिसाल्यापासून अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतीपर्यंत हेच दिसते.

कॉन्टिन्जंटचे घोडदळ शिलेदारी पद्धतीचे होते. सरकार सवाराला बंदूक आणि दारूगोळा देई. घोडा, खोगीर, तलवार, कपडे, तंबू, चंदी हे सारे त्याचे त्याने पाहायचे. त्यामुळे त्याचा पगार मोठा दिसे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पायदळाच्या शिपायाला महिना ७ रुपये मिळत असताना शिलेदारी रिसाल्यांतल्या सवाराचा पगार २५ ते ३० रुपयांच्या घरात होता, पण त्यातला मोठा भाग घोड्याच्या पोटात जाई. रिसाल्यातल्या या जागेला असामी म्हणत. असामी ही मालमत्ता होती. ती विकत घेता येई, विकता येई, कर्जापोटी गहाण टाकता येई. स्वतःच्या घोड्यावर बसून चाकरी करणारा तो खुदास्पा. पाच-दहा किंवा त्याहून जास्त असाम्या बाळगणारा तो मोठा शिलेदार, आणि त्याच्या घोड्यावर बसून लढणारा तो बारगीर. बारगिराच्या नावाने निघालेला पगार आधी असामीच्या धन्याकडे जाई. चंदी, नाल, खोगीर यांचा खर्च आणि आपला नफा वळता करून धनी उरलेली रक्कम बारगिराच्या हातावर ठेवी. घोडा मेला तर नवा घेण्यासाठी रिसाल्यात सगळ्यांच्या वर्गणीचा चंदा असे. तरीही ज्याच्या गाठीला काही नाही, त्याला एक घोडा दगावला की खुदास्पाचा बारगीर व्हायला वेळ लागत नसे. दोघे सारखेच पटाईत असतील, एकाच रांगेत उभे असतील, एकाच चकमकीत जखमी झाले असतील; पण एकाला बढतीची आशा होती आणि दुसरा धन्याच्या मर्जीवर होता.

हा व्यवहार कॉन्टिन्जंटने शोधून काढलेला नव्हता. शिलेदार आणि बारगीर ही मराठी घोडदळाची जुनी विभागणी आहे. पण शिवाजी महाराजांच्या लष्करात तिचा अर्थ वेगळा होता. सभासदाच्या बखरीत पागेची जी रचना दिली आहे तीत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि पाच हवालदारांवर एक जुमलेदार अशी चढती श्रेणी आहे. या बारगिराचा घोडा सरकारी पागेतला होता, त्याचा पगार सरकारातून मिळे आणि त्याच्या वरची जागा मोकळी होती. स्वतःचा घोडा आणणारे शिलेदारही सैन्यात होते, पण पागेला मान अधिक होता. पुढे पेशवाईत सरंजामी शिलेदारांचे प्रस्थ वाढले, आणि १८१६ ते १८२६ या दशकात निजामाचे घोडदळ इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली नव्याने बांधले गेले तेव्हा त्याने खाजगी धन्यांचीच व्यवस्था उचलली. दोन्हीकडे बारगिराच्या मांडीखालचा घोडा दुसऱ्याचाच होता. फरक पडला तो या दुसऱ्यामुळे. सरकारी घोड्यावरचा गरीब घरातला स्वार पुढे हवालदार, जुमलेदार होऊ शके. खाजगी धन्याच्या घोड्यावरचा स्वार त्या धन्याचा नफा होता. स्वाराची गरिबी दोन्ही ठिकाणी सारखीच होती, पण तिचे परिणाम घोड्याची मालकी कुणाकडे आहे त्याप्रमाणे बदलले.

पैशाची ही साखळी सवारापाशी संपत नव्हती, वरपर्यंत जात होती. कॉन्टिन्जंटचा पगार वेळेवर व्हावा म्हणून निजाम सरकार सावकारांकडून कर्ज घेई. आधी हैदराबादच्या विल्यम पामर यांच्या पेढीने भरमसाट व्याजाने रकमा पुरवल्या. नंतर १८४० च्या दशकात पेस्तनजी विकाजी या पारशी पेढीने वऱ्हाडच्या वसुलाच्या भरवशावर पैसे दिले. कर्ज फिटेना. शेवटी मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे मुलूख याच फौजेच्या खर्चापोटी ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेले. धाराशिव आणि रायचूर पुढे १८६० मध्ये परत मिळाले, वऱ्हाड कधीच नाही. बारगीर धन्याच्या, धनी सावकाराच्या आणि खुद्द निजाम पेढीवाल्यांच्या कर्जात, असा हा उतरंडीचा व्यवहार होता. खर्च उचलणारा शेवटी अधिकार मागतोच, हे पैनगंगेच्या दोन्ही काठांनी फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे.

यावर लष्करी इतिहासाचा अभ्यासक आक्षेप घेईल, आणि त्याच्या आक्षेपात वजन आहे. शिलेदारी रिसाले उत्तम लढत. १८५८ च्या मध्य भारतातल्या मोहिमेत सर ह्यू रोजच्या सैन्याबरोबर कॉन्टिन्जंटचे घोडदळ होते आणि त्याच्या वेगाची इंग्रजांनी वाखाणणी केली. घोडा स्वतःचा असल्यावर सवार त्याची काळजी घेतो, सरकारचा खर्च वाचतो, खाऊन-पिऊन सुखी घरची मुले फौजेत येतात, असे या पद्धतीचे समर्थन केले जाई, आणि ते खोटे नव्हते. पण हे समर्थन पद्धत स्वस्त आणि कार्यक्षम होती एवढेच सिद्ध करते. निवड न्याय्य होती असे त्यातून निघत नाही. ज्यांच्याकडे असामीचे पैसे होते त्यांच्यातून चांगले स्वार निवडले गेले. ज्यांच्याकडे नव्हते त्यांच्यात किती चांगले स्वार होते याची मोजदाद कुणी केलीच नाही. शिवाय हा डोलारा सुखाच्या दिवसांपुरताच होता. १९१४ च्या महायुद्धात घोडे शेकड्यांनी मरू लागले, नव्या भरतीला घोडा कुठून आणायचा हा प्रश्न पडला आणि सरकारला खर्च अंगावर घ्यावा लागला. युद्धानंतरच्या फेररचनेत शिलेदारी पद्धत मोडीत निघाली.

मोडीत निघालेली असामी दुसऱ्या खंडात, दुसऱ्या धंद्यात पुन्हा दिसते. अमेरिकेत स्टॉक कार शर्यतींची नॅसकार ही संस्था १९४८ मध्ये बिल फ्रान्स यांनी उभी केली. सुरुवातीच्या काळात गॅरेजमध्ये स्वतः इंजिन खोलणारा मेकॅनिक रविवारी तीच गाडी शर्यतीत उतरवू शके. हा त्या खेळातला खुदास्पा. मग १९७१ च्या आरंभी अमेरिकेत दूरचित्रवाणीवरच्या सिगारेटच्या जाहिराती बंद झाल्या. तंबाखू कंपन्यांकडचा जाहिरातीचा पैसा मोकळा झाला आणि त्याच वर्षी विन्स्टन सिगारेटचे नाव या मालिकेला लागले. पुढच्याच वर्षी रिचर्ड पेटी यांच्या गाडीवर एसटीपी या इंजिन तेलाची पूरक द्रव्ये बनवणाऱ्या कंपनीचा लाल रंग चढला. पैशामुळे गाड्यांचा वेग आणि सुरक्षितता वाढली, चालकांना कीर्ती मिळाली. त्याच वेळी स्वतःच्या खिशातून शर्यत करणाऱ्याची जागा आकसत गेली. २०१६ पासून तर या मालिकेत चार्टर नावाची ३६ हक्काची ठिकाणे आहेत. ज्या संघाकडे चार्टर, त्याची गाडी प्रत्येक शर्यतीत असणार. ही ठिकाणे विकली आणि विकत घेतली जातात. २०२३ मध्ये एका चार्टरची किंमत चार कोटी डॉलरच्या आसपास गेल्याच्या बातम्या आल्या. २०२४ मध्ये बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन सहमालक असलेल्या संघाने या व्यवस्थेविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. हिंगोलीच्या रिसाल्यातल्या शिलेदाराला हा व्यवहार समजावून सांगावा लागला नसता.

यात बळी कुणाचा जातो हे वेंडेल स्कॉट यांच्या कारकिर्दीवरून दिसते. व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलचे हे कृष्णवर्णीय चालक स्वतःची गाडी स्वतः दुरुस्त करत, जुन्या सुट्या भागांवर भागवत आणि तरीही १ डिसेंबर १९६३ रोजी जॅक्सनव्हिलची शर्यत त्यांनी जिंकली. आधी विजेता म्हणून दुसऱ्याच चालकाचे नाव जाहीर झाले. फेऱ्यांच्या गणतीतली चूक मागाहून सुधारण्यात आली. त्यांना मोठा पुरस्कर्ता कधीच मिळाला नाही, कारण पुरस्कर्ता वेगाबरोबर चेहराही विकत घेत असतो आणि त्या काळच्या बाजाराला तो चेहरा नको होता. या मालिकेत दुसरा कृष्णवर्णीय चालक, बब्बा वॉलेस, जिंकला तो थेट २०२१ मध्ये. पुरस्कर्त्याचा पैसा वर्णभेदी असतोच असे नाही. पण त्याचा निकष खप असतो, आणि समाजाचे पूर्वग्रह खपात उतरतात. असामीच्या धन्याला बारगिराकडून पगाराचा वाटा हवा असे. पुरस्कर्त्याला चालकाकडून ओळख हवी असते. गरीब चालकाच्या दृष्टीने दुसरी अट पहिलीपेक्षा सोपी आहे असे म्हणता येत नाही.

भारतातल्या मोटार शर्यतींत तर सरकारी पागेसारखी सोय जवळजवळ नाहीच. नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये जॉर्डन संघातून फॉर्म्युला वनमध्ये उतरले तेव्हा त्यांच्या मागे टाटा उद्योगसमूह होता. पहिल्या भारतीय चालकाला तो आधार मिळाला नसता तर ती जागा दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या कंपनीचा पाठिंबा असलेल्या चालकाकडे गेली असती. मुंबईचा जेहान दारूवाला २०११ मध्ये फोर्स इंडिया संघाने देशभरातून घेतलेल्या शोधातून निवडल्या गेलेल्या तीन मुलांपैकी एक. त्याने २०२० मध्ये साखीर येथे फॉर्म्युला टूची शर्यत जिंकली, असे करणारा तो पहिला भारतीय. रेड बुलच्या तरुण चालकांच्या चमूत त्याचा समावेशही झाला. तरी फॉर्म्युला वनची जागा काही त्याच्या वाट्याला आली नाही. महाराष्ट्रात मोटार शर्यतींची आवड सर्वांत खोल रुजली ती कोल्हापुरात. मोहित्यांचा कार्टिंग ट्रॅक तिथे आहे, आणि खासदार धनंजय महाडिक यांचे पुत्र कृष्णराज महाडिक ब्रिटनमधल्या फॉर्म्युला थ्री मालिकेपर्यंत पोचले. या कुणाच्याही कौशल्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण चेन्नई, कोइमतूर किंवा ग्रेटर नोएडाच्या ट्रॅकवर सराव करायचा, दर मोसमात टायर आणि इंजिनाचा खर्च सोसायचा आणि वयाच्या दहा-बाराव्या वर्षी कार्टिंगला सुरुवात करायची, या तिन्ही अटी ज्या घराला झेपतात तिथूनच चालक येणार. हिंगोलीजवळच्या कळमनुरी किंवा सेनगावच्या ट्रॅक्टर चालवणाऱ्या पोराच्या हातात किती कसब आहे, हे तपासण्याची सोयच या रचनेत नाही.

त्या पोराच्या जवळची शर्यत शंकरपटाची. विदर्भात आणि पैनगंगेच्या अलीकडे हिंगोलीच्या पट्ट्यात सुगी आटोपली की पट भरतात. हलक्या गाडीला जोडी जुंपायची, धुरकऱ्याने, म्हणजे जोडी हाकणाऱ्याने, मोकळ्या धावपट्टीवर ती सोडायची आणि सेकंदाच्या अंशात वेळ मोजायची. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट सर्वांत नावाजलेला. तिथे महिला धुरकऱ्यांनीही जोड्या हाकल्या आहेत. इथेही मालक वेगळा आणि हाकणारा बहुधा वेगळा. पटाच्या बैलाला कडबा-सरकीवर भागत नाही. उडीद, दूध, खारीक, अंडी असा त्याचा खुराक असतो, आणि चांगल्या जोडीची किंमत लाखांत जाते. जोडी पुकारली जाते ती मालकाच्या आणि बैलांच्या नावाने, बक्षीस जाते मालकाकडे, धुरकऱ्याला मिळते ती आधी ठरलेली किंवा मालकाच्या मर्जीवरची बिदागी. गाडी उलटली तर हाड मात्र धुरकऱ्याचे मोडते. कायद्याच्या लढाईने ही दरी वाढवली. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निकालाने शर्यती थांबल्या. २०१७ मध्ये राज्याने कायदा दुरुस्त केला, पण उच्च न्यायालयाने परवानग्या रोखल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना सशर्त मुभा मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या सात वर्षांत शर्यतीचा बैल दावणीला राखणे म्हणजे मिळकतीविना खर्च, आणि तो ज्यांना परवडला त्यांच्याच जोड्या शर्यती सुरू होताच पुढे आल्या. आयोजनालाही आता परवानग्या, पशुवैद्यक, बंदोबस्त हे सारे लागते. साहजिकच गावच्या वर्गणीची जागा पुढाऱ्यांच्या फलकांनी घेतली. मे २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीत बैलगाडा शर्यतीला जेसीबी आणि बोलेरो अशी बक्षिसे लागली तेव्हा ही दिशा सगळ्या राज्याला दिसली.

मालकाची बाजूही ऐकली पाहिजे. तो म्हणेल, बैल मी पोसतो, मेला तर नुकसान माझे, सात वर्षे बंदीत खर्च मी केला. मग बक्षीस माझेच. जोखीम त्याची आहे हे मान्य. पण शर्यतीत जोखीम एकट्या भांडवलाची नसते, अंगाचीही असते, आणि या दोन जोखमींची वाटणी नियमाने करता येते याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सवर घोडा मालकाचा असतो, पूर्वी कित्येकदा संस्थानिकाचा, आता उद्योगपतीचा. पण जॉकीला टर्फ क्लबच्या नियमाप्रमाणे प्रत्येक स्वारीचे शुल्क आणि जिंकलेल्या रकमेत ठरलेला वाटा मिळतो, आणि शर्यतीच्या पुस्तकात घोड्याखाली त्याचे नाव छापले जाते. तबेल्यात उमेदवारी करत पुढे येण्याचा रस्ता तिथे खुला आहे. म्हणूनच पांडू खाडे, शामू चव्हाण, वसंत शिंदे अशी साध्या मराठी घरांतली नावे श्रीमंतांच्या त्या खेळात गाजली. रेसकोर्सवर पैसा शंकरपटापेक्षा किती तरी पट अधिक आहे. तरीही स्वाराचे स्थान तिथे अधिक भक्कम आहे. पैसा वाढला की चालवणारा आपोआप झाकोळतो, हा समज या एका उदाहरणाने खोटा ठरतो.

कुणी असेही म्हणेल की आश्रयदाता चांगला भेटला की नियमांची गरज नाही. शाहू महाराजांनी कोल्हापुरात तालमी उभ्या केल्या, पैलवानांना खुराक दिला, १९१२ मध्ये खासबागेचे मैदान बांधले. गरीब घरची पोरे त्यातून देशभर गाजली. खरे आहे. पण संस्थान विलीन झाले तेव्हा तो आश्रय संपला, आणि पैलवान टिकले ते साखर कारखान्यांनी ठरावीक मानधन सुरू केले म्हणून. एका माणसाचे औदार्य त्या माणसाइतकेच टिकते. मानधनाचा ठराव संचालक बदलले तरी कागदावर राहतो. कॉन्टिन्जंटमध्येही दयाळू शिलेदार असतीलच. पण बारगिराचा हक्क कुठेच लिहिलेला नसल्याने त्यांची दया त्यांच्याबरोबर संपली.

या इतिहासातून निघणारा उपाय पैशाला हाकलण्याचा नाही, कारण तसे केल्यास शर्यतच उरणार नाही. उपाय करारात आहे. शंकरपटाच्या परवानगीत पशुवैद्यकाची अट घालता येते, तशीच धुरकऱ्याच्या विम्याची आणि बक्षिसातल्या निश्चित वाट्याची अट घालता येईल. जोडीबरोबर त्याचे नाव पुकारण्याला तर पैसाही लागत नाही. मोटार शर्यतींसाठी शासनाला आणि वाहन उद्योगाला मिळून अशी एक पागा उभी करता येईल जिथे कार्ट संस्थेची असेल आणि जागा चाचणीतल्या वेळेवर मिळेल. पुणे, नाशिक आणि छत्रपती संभाजीनगर ही वाहन उद्योगाची शहरे असलेल्या राज्यात हे अशक्य नाही. बक्षिसात जेसीबीच्या जागी आणखी मोठे यंत्र ठेवणे कोणत्याही पुढाऱ्याला एका सभेत जाहीर करता येते. वाटणीचा नियम लिहिणे कठीण, कारण त्यात देणाऱ्याचे काही कमी होते. पण पुढचा चांगला चालक धनवान घरातूनच येणार की कुठूनही येऊ शकणार, हे बक्षीस केवढे आहे यावर ठरणार नाही. ते या नियमावर ठरेल.